इरावती कर्वे आणि बर्लिनमधल्या कवट्या

इरावती कर्वे म्हटलं की आपल्याला ‘युगान्त’ आठवतं. आज मात्र मला त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामाबद्दल बोलायचं आहे, आणि थोडं टीकेच्या अंगानं बोलायचं आहे.

१९२७ साली बर्लिनमध्ये कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली. संचालक होते ऑयगेन फिशर. हे गृहस्थ वंशश्रेष्ठत्व मानणारे. पुढे नाझी राजवटीत, १९३३ साली, बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्यांच्या हाताखाली इरावतीबाईंनी पीएच.डी. केली. विषय काय, तर कवटीचा असमतोल. आपली कवटी डावी-उजवीकडे अगदी सारखी नसते. फिशर यांचं गृहीतक असं, की हा फरक युरोपियनांत जास्त असणार आणि ती त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण असणार. बाईंनी कवट्या मोजल्या, आकडे मांडले आणि लिहिलं की असमतोलाचा वंशाशी संबंध दिसत नाही. मार्गदर्शकाच्या विरोधात, तेही परक्या देशात, असं लिहायला धैर्य लागतं.

ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, आणि सांगावीच. पण आपण इथेच थांबतो, ही माझी तक्रार आहे.

पहिलं म्हणजे, कवट्या होत्या कुणाच्या? बर्लिनच्या संग्रहांत आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींमधून आणलेल्या पुष्कळ कवट्या होत्या. काही तर कबरी उकरून आणलेल्या. म्हणजे वंशभेद खोटा ठरवणारं संशोधनसुद्धा त्याच लुटीवर उभं होतं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. बाईंनी फिशर यांचं उत्तर नाकारलं, प्रश्न नाही नाकारला. पुण्यात डेक्कन कॉलेजात आल्यावरही त्या माणसं मोजत राहिल्या. १९५१मध्ये दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या मोजमापांचं पुस्तक काढलं. हेतू उच्च-नीच ठरवण्याचा अजिबात नव्हता. उलट, चित्पावन आणि देशस्थ एकाच मुळाच्या फांद्या नाहीत, असं त्या सांगत होत्या. पण बघा, मोजायला घेताना गट कुठून घेतले? जातींमधून. समाजानं आखलेली रेघ आधी धरली आणि मग ती शरीरात सापडते का, हे पाहिलं.

बाई १९७०मध्ये गेल्या. दोनच वर्षांनी रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवलं, की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत असतो. म्हणजे गटागटांत उरतो तो थोडाच.

यात बाईंना कमी लेखायचा हेतू नाही. इतकी स्वतंत्र बुद्धी असलेल्या व्यक्तीच्या हातूनही ती मोजपट्टी सुटली नाही, तर आपली काय कथा? आज कॅलिपर गेला, थुंकीची डीएनए चाचणी आली. तिचा निकाल हातात पडला, की ‘आम्ही मूळचे कोण’ हे विचारण्याआधी एवढंच विचारा: हे गट पाडले कुणी, आणि कशाच्या आधारावर?

आता तुमचे प्रश्न घेऊ या.