गवतावर बसू नये

नाटकाचं परीक्षण छापून येतं, पुस्तकाचं येतं, हल्ली तर मिसळीचंही येतं. पण सरकारी कचेरीपुढच्या बागेचं परीक्षण कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. वास्तविक याचे प्रयोग तालुक्या-तालुक्यात चालू असतात आणि तिकीटही नसतं. तिकीट नसतं याचं कारण प्रेक्षकांना आत सोडतच नाहीत.

नेपथ्य सगळीकडे एकच. कुठलीही कचेरी डोळ्यांपुढे आणा, नाव घ्यायची गरज नाही. मधोमध हिरवळ, तिच्याभोवती लोखंडी साखळी. दोन्ही बाजूंना शिपायासारखे उभे अशोक. मध्ये उद्घाटनाच्या दिवशी उडालेलं आणि तेव्हापासून विश्रांती घेत असलेलं कारंजं. शेजारी कोनशिला. तिच्यावर डझनभर नावं, त्यात माळ्याचं सोडून सगळ्यांची. आणि शेवटी नाटकातलं एकमेव वाक्य, पाटीवर रंगवलेलं : ‘गवतावर बसू नये.’

आधी नायिकेबद्दल, म्हणजे हिरवळीबद्दल. ही बाई माहेरची इंग्रज. लंडनला वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आमच्या धाराशिव जिल्ह्याची सरासरी सातशेच्या घरात आहे. म्हणजे कागदावर आम्ही लंडनपेक्षा ओले! फरक एवढाच, की तिथे पाऊस पगारासारखा दरमहा जमा होतो आणि आमच्याकडे बोनससारखा. वर्षातून एकदा, आणि त्यातही मिळण्यापेक्षा चर्चाच जास्त. पगारावर चालणारा संसार बोनसवर चालवायला घेतला की जे होतं, तेच मार्च उजाडला की आमच्या लॉनचं होतं.

बँकेतल्या माणसाला आकडे दिसले की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही. अर्धा एकर लॉन म्हणजे सुमारे दोन हजार चौरस मीटर. उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज पाच लिटर धरा. झाले दहा हजार लिटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते आठवतं ना? त्या गाडीच्या एका वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी मावायचं. आमचं लॉन पाच दिवसांत एक वाघीण पिऊन मोकळं! गवताने वाघीण गिळल्याचं जगात दुसरं उदाहरण नसावं.

आता अशोक. हा उभा अशोक सीतेच्या अशोकाचा लांबचाही नातेवाईक नव्हे. त्याची सावली विजेच्या खांबापेक्षा थोडी जाड, इतकंच. रावणाने सीतेला याच्याखाली बसवलं असतं, तर हनुमान अंगठीऐवजी छत्री घेऊन आला असता.

या बागेचा खरा समीक्षक आमच्या जिल्ह्यातच जन्मलेला आहे. उस्मानाबादी शेळी! गावाचं आणि जिल्ह्याचं नाव २०२३ साली अधिकृतपणे धाराशिव झालं, पण शेळीने जुनं नाव सोडलेलं नाही. काळीभोर, काटक, कोरड्या मुलखात टिकून राहणारी आणि बरेचदा जुळी करडं देणारी ही जात. फाटक उघडं दिसलं की ती आत शिरते आणि इथल्या उन्हापावसाचा विचार न करता लावलेलं सगळं दहा मिनिटांत संपादित करून टाकते. नकाशा दूरच्या शहरात, वातानुकूलित खोलीत काढलेला असतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. शेळीही मग आपलं मत देते.

पण विनोद बाजूला ठेवून एक विचारतो. बाग कुणासाठी? झेंडावंदनाचे दिवस वर्षात चार : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि मराठवाड्यात १७ सप्टेंबर, म्हणजे १९४८ साली निजामी संपली तो दिवस. उरलेले तीनशे एकसष्ट दिवस कुणाचे? सातबाऱ्याची नोंद, उत्पन्नाचा दाखला, पीकविम्याचा अर्ज, असल्या कामांना लोक पहाटेच्या एसटीने येतात आणि ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे ऐकून थांबतात. बाहेर चाळीस अंशांच्या वर ऊन. एखादा म्हातारा साखळी ओलांडून टेकतो, की रखवालदार धावलाच.

‘मामा, उठा. लॉन आहे ते.’

‘आसंल की. पर माणसानं बसायचं न्हाई, ढोरानं खायचं न्हाई, मंग गवत लावलंय कुणासाठी?’

या प्रश्नाला कुठल्याच कचेरीत आवक क्रमांक मिळालेला नाही.

म्हातारा उठून फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली जातो. तो निंब कुठल्याच नकाशात नव्हता. पण स्टँपवाला, अर्ज लिहून देणारा, चहावाला आणि निम्मा तालुका तिथेच असतो. खरी कचेरी त्या झाडाखाली भरते. समोरची इमारत फक्त सही-शिक्क्यापुरती.

आणि आमच्या मातीला हे जमत नाही असं नाही. नळदुर्गला जाऊन या. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीच्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन धबधब्यांवरून पाणी कोसळतं आणि आत बसलेला माणूस कोरडा. उन्हाळ्यात धबधबे थांबतात, त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. पाणी असेल तेव्हा मिरवावं, नसेल तेव्हा टँकर मागवू नये, एवढं शहाणपण त्या कारागिरांना होतं.

आपल्यालाही फार करायला नको. कारंज्याच्या जागी पाण्याची टाकी करा. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर सरासरीचा पाऊस पडला तर सात लाख लिटर पाणी होतं. गळतीबिळती सोडून पाच तरी हाती लागेल. अशोकाच्या जागी निंब, चिंच, करंज लावा. मुळं धरेपर्यंत दोन-तीन वर्षं पाणी घाला, पुढे ती तुमच्याकडे अर्ज करणार नाहीत. एक बहावा हवाच. १ मेला लॉन करपलेलं असताना तो पिवळाजर्दं फुलून उभा असतो, टँकरशिवाय. झाडांना पार बांधा, एका पारावर पाण्याचा रांजण ठेवा.

आणि पाटीही बदलायला नको. तिच्यावरचं शेवटचं ‘नये’ तेवढं पुसून ‘बसा’ लिहायचं. रंगाचा खर्च किरकोळ खर्चात टाकता येईल.