‘गर्द’ आणि आमचा मोहल्ला

डॉ. अनिल अवचट यांचे ‘गर्द’ आम्ही प्रथम वाचले ते बी.एड.च्या वर्षी. सारे शिक्षण उर्दूतून झालेल्या माणसाची मराठी पुस्तक वाचताना दमछाक होते. या पुस्तकाने ती होऊ दिली नाही. अवचटांचे मराठी ओट्यावर बसून बोलल्यासारखे आहे. तेव्हा ते माहितीपर पुस्तक म्हणून वाचले आणि कपाटात ठेवून दिले. गेल्या वर्षी पुन्हा काढावे लागले. आमच्या हाताखालून सातवी पास झालेला एक मुलगा एम.डी. पावडरीच्या पुडीसह पकडला गेला होता. त्याची अम्मी शाळेच्या फाटकाशी उभी राहून एकच वाक्य बोलत होती, ‘‘सर, मेरा बच्चा बीमार है, चोर नहीं.’’

‘गर्द’ने मराठी वाचकाला हेच सांगितले. गर्दुल्ला म्हणजे वाया गेलेला पोरगा, एवढीच समजूत असण्याच्या त्या काळात अवचट त्या मुलांजवळ जाऊन बसले. उपदेश केला नाही, ऐकून घेतले. नशा न मिळाल्यावर देहाची जी तगमग होते तिला ही मुले ‘टर्की’ म्हणतात. ती समजली की ‘मनावर घेतले तर सुटेल’ हे आपले नेहमीचे वाक्य किती पोकळ आहे ते कळते. लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. लेखणीतून संस्था उभी राहण्याचे असे भाग्य किती पुस्तकांना लाभते?

आमची तक्रार पुस्तकाबद्दल नाही, ते ज्या रीतीने वाचले गेले त्याबद्दल आहे. ‘गर्द’ची आठवण निघाली की पु. लं.चे औदार्य आणि मुक्तांगणचा जन्म एवढेच बोलले जाते. करुणेची गोष्ट म्हणून ते वाचले गेले, न्यायाची गोष्ट म्हणून नाही. वास्तविक अंमली पदार्थांचा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला, म्हणजे मुक्तांगणच्या अवघ्या नऊ महिने आधी. येरवड्यात कारागृहही आहे आणि मुक्तांगणही. एकाच नशेचा मुलगा यांपैकी कोणत्या दारातून आत जाणार, हे कोण ठरवते? घरच्यांनी आधी गाठले तर उपचार, पोलिसांनी आधी गाठले तर कोठडी. मोहल्ल्यात बहुधा पोलीसच आधी पोहोचतात, कारण घरचे इज्जतीपायी गप्प बसलेले असतात.

हा कायदा कठोर आहे हे सर्वांना ठाऊक आहे. २००१ च्या दुरुस्तीपर्यंत तर पुडी स्वतःसाठी होती हे आरोपीनेच सिद्ध करायचे. नाही जमले तर किमान १० वर्षे. त्या दुरुस्तीने मालाच्या प्रमाणावर शिक्षा ठरू लागली. पण याच कायद्यात कलम ६४-अ आहे. थोड्या प्रमाणातील मालाचा आरोप असलेला व्यसनी आपण होऊन सरकारमान्य केंद्रात उपचार घेईल तर त्याच्यावर खटला चालत नाही. कलम ३९ प्रमाणे दोषी ठरलेल्यालाही न्यायालय, त्याच्या संमतीने, तुरुंगाऐवजी उपचाराला सोडू शकते. आमच्या विद्यार्थ्याच्या वकीलसाहेबांनी यातले एकही कलम उच्चारले नाही. मोहल्ल्यात आम्ही विचारून पाहिले, कोणालाच ठाऊक नव्हते.

उपचार अर्धवट टाकला तर ६४-अ ची सवलत काढून घेता येते. इथेच कायदा कच्चा वाटतो. पुन्हा घसरणे हा या आजाराचाच भाग आहे आणि मुलगा घसरतो तो केंद्रात नव्हे, परत आल्यावर, त्याच नाक्यावर, त्याच दोस्तांत. म्हणून उपचार वस्तीपर्यंत यायला हवा. तामिळनाडूत टी.टी.के. रुग्णालयाच्या शांती रंगनाथन यांनी १९८९ साली मंजक्कुडी या खेड्यात दारूड्यांसाठी शिबिर भरवले. माणूस शहरातल्या रुग्णालयात नेण्याऐवजी रुग्णालय गावात नेले, गावकऱ्यांना बरोबर घेतले. मुक्तांगणनेही व्यसनींच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवले, पाठपुराव्याच्या सभा घेतल्या. विकणाऱ्यांच्या टोळ्यांना यात कोणी सूट मागत नाही. पण पुडी ओढणाऱ्याला त्या टोळीच्याच बराकीत ठेवून आपण काय साधतो?

आता आमच्या लेखकांविषयी. मुस्लिम मराठी कथेत व्यसनी येतो तो बहुधा बायकोला मारणारा शौहर म्हणून, नाहीतर एका वाज़ने सुधारणारा तरुण म्हणून. तिसरा मार्ग नाही. उर्दूत तर गंमतच आहे. मंटो आणि मजाज़ दोघेही १९५५ साली गेले, दोघांनाही दारूने नेले. मंटोला दारू सुटावी म्हणून लाहोरच्या मनोरुग्णालयात ठेवावे लागले होते. त्यांच्या पिण्याचे किस्से आम्ही मुशायऱ्याच्या मध्यंतरात चवीने सांगतो. शायराची नशा आम्ही माफ केली. नाक्यावरच्या पोराची नशा मात्र खानदानाला काळिमा! पुन्हा पुन्हा पिऊन सजा भोगणाऱ्यालाही शाप देऊ नका असे हदीसमध्ये आले आहे. हे जुम्म्याच्या बयानात आम्ही फार क्वचित ऐकले.

तो मुलगा जामिनावर सुटला आहे. दुसऱ्या वकिलांनी ६४-अ खाली अर्ज केला आहे, तारीख पडते आहे. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर सातवीच्या वर्गात तो येतो, त्याच्यासारखे आणखी चौघे येतात आणि दोघांच्या अम्मी. बाके लहान पडतात. परवा त्याला ‘गर्द’ वाचायला दिले. मराठी अवघड जाते म्हणाला. म्हणून आता आम्ही मोठ्याने वाचतो आणि अडेल तिथे उर्दूतून सांगतो.