साडेबारातले तीन गुण

फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकली असेल (पल्मनरी एम्बॉलिझम) असा संशय आला की डॉक्टर बऱ्याचदा एक छोटा तक्ता काढतात: वेल्स स्कोअर. कॅनडातल्या फिलिप वेल्स आणि सहकाऱ्यांनी तो २००० साली मांडला. सातच ओळी. पायात गुठळीची लक्षणं असली तर ३ गुण. नाडी शंभरावर, आधी कधी गुठळी झालेली, नुकतंच ऑपरेशन झालेलं किंवा तीन दिवस अंथरुणाला खिळलेलं, प्रत्येकी दीड. खोकल्यातून रक्त १, कॅन्सर १. आणि सातवी ओळ: दुसऱ्या कुठल्याही आजारापेक्षा हाच जास्त संभवतो असं डॉक्टरला वाटलं, तर ३.

बेरीज चारपर्यंत असेल तर डी-डायमर ही रक्ततपासणी, आणि ती निगेटिव्ह आली की सीटीची गरज नाही. चारच्या वर थेट सीटी. पद्धत चालते, यात वाद नाही. २००६ च्या डच क्रिस्टोफर अभ्यासात ३,३०६ रुग्ण होते. सीटीशिवाय असे सोडलेल्यांपैकी पुढच्या तीन महिन्यांत जेमतेम ०.५ टक्के लोकांना गुठळी निघाली. सरसकट सगळ्यांना सीटीचं रेडिएशन देण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

माझी तक्रार सातव्या ओळीबद्दल आहे. साडेबारापैकी तीन गुण चक्क डॉक्टरच्या मनाचे! आकडा दिसतो वस्तुनिष्ठ, पण आत अंदाज बसलेला आहे. आता तुम्ही पंचविशीतल्या आहात असं धरा. नाडी ११०, हॉर्मोनच्या गोळ्या चालू, परवाच मुंबईहून विमानाने आलात. तक्त्यात गोळ्यांना ओळ नाही, प्रवासालाही नाही. तुमचे गुण दीड. डॉक्टरला गुठळीच वाटली तर साडेचार, म्हणजे सीटी. सगळा फरक त्या एका 'वाटलं'चा. (जेफ्री क्लाइन यांच्या २००४ च्या पर्क नियमात इस्ट्रोजेनचा प्रश्न आहे, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.)

आणि हे 'वाटणं' जागेवर ठरतं. नोव्हेना स्टेशनजवळचं टान टॉक सेंग हॉस्पिटल १८४४ सालचं. महायुद्धानंतर ते टीबीच्या उपचारांसाठी ओळखलं जायचं. तिथे तेव्हा थुंकीत रक्त दिसलं की डॉक्टरच्या मनात आधी काय आलं असेल? आपल्याकडेही तेच येतं. तक्त्यात मात्र त्या रक्ताचा कुठेही एकच गुण.

त्याच्याही आधीची अडचण भाषेची आहे. संशय आल्याशिवाय तक्ता उघडतच नाही, आणि संशय येतो तुमच्या शब्दांवरून. घरी आपण म्हणतो, 'दम लागतोय'. आज नोव्हेनाच्या इमर्जन्सीत त्याचं घाईघाईत 'टायर्ड' झालं, की धाप गेली आणि थकवा उरला. छातीत चमक मारते, ती श्वास घेताना की एरवीही, हे कुणी विचारलं नाही तर आपण सांगत नाही. वर 'गॅस असेल' हे स्वतःच जोडून देतो. गोळ्यांचं तर अजून अवघड. पीसीओएससाठी दिलेल्या, पाळी नियमित करायला दिलेल्या गोळ्यांना आपण गर्भनिरोधक म्हणतच नाही. मग डॉक्टर 'कॉन्ट्रासेप्टिव्ह घेता का?' विचारतो आणि आपण प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो. पाकीट दाखवलं असतं तर सातवी ओळ कदाचित वेगळी भरली गेली असती.