सहा तबकड्यांची परीक्षा

विमानांच्या लहान प्रतिकृती जोडणे हा आता केवळ मुलांचा खेळ राहिलेला नाही. पेन्शनीत निघालेली माणसेही भिंग लावून त्यात रमतात. मात्र अशा प्रतिकृतीतील उपकरणांच्या फलकाचे कौतुक करताना आपण बहुधा काम किती बारीक आहे एवढेच पाहतो. माझ्या मते ही कसोटी अपुरी आहे.

उदाहरण स्पिटफायर ९ चे घेऊ. १९४८ साली चेकोस्लोव्हाकियाहून आणलेली ही विमाने इस्रायली हवाई दलात उडाली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले एझर वाइझमन यांचे काळे स्पिटफायर बेअर शेवाजवळच्या हात्सेरिम येथील संग्रहालयाने जतन केले आहे. योगायोग असा की, स्पिटफायर ९ चा १:४८ प्रमाणाचा एक उत्तम संच एदुआर्ड ही चेक कंपनीच काढते.

खऱ्या फलकाच्या मध्यभागी एक चौकोनी पत्रा रबरी आधारांवर बसवलेला असतो. त्यावर सहा तबकड्या असतात. वरच्या ओळीत वेगमापक, कृत्रिम क्षितिज आणि चढउतार-दर्शक. खालच्या ओळीत उंचीमापक, दिशादर्शक आणि वळण-दर्शक. ब्रिटिशांनी हीच मांडणी अनेक विमानांत कायम ठेवली. त्यामुळे ढगात शिरलेल्या वैमानिकाला कोठे पाहावे हे शोधावे लागत नसे. रुग्णालयात नोकरी केलेल्यांना याचे मोल सांगायला नको. ताप, नाडी, श्वास तक्त्यावर ठरल्या जागीच लिहिलेले असतात, म्हणूनच रात्रपाळीच्या सिस्टरला खाटेशी उभ्याउभ्या कळते की रोगी सावरतो आहे की खचतो आहे.

सुमारे ८० मिलिमीटरची तबकडी १:४८ प्रमाणात पावणेदोन मिलिमीटरही भरत नाही. ती दाखवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत रंगीत छापलेले दोन पितळी पत्रे असतात, मागच्यावर आकडे आणि पुढच्याला भोके. आकडे सुबक येतात, पण फलक सपाट वाटतो आणि भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसतात. दुसरीत प्लास्टिकवरच तबकड्या उठावाने कोरलेल्या असतात. फलकाला काळा रंग द्यावा, प्रत्येक तबकडीचे डिकल वेगळे कापावे, पाण्यात भिजवावे आणि ते मऊ करणाऱ्या द्रवाने नीट बसवावे. वेळ फार लागतो, पण कडांचा उठाव राहतो. काचेच्या जागी तकतकीत वॉर्निशचा थेंब सोडला की उजेड तेवढ्याच ठिकाणी चमकतो. माझे मत या दुसऱ्या रीतीला.

हल्ली एक दोष सर्रास दिसतो. फलकाच्या कडा चंदेरी रंगाने इतक्या खरवडतात की विमान भंगारातून उचलून आणल्यासारखे वाटते. विमान जुने असेल, पण त्याची निगा राखणारे मेकॅनिकही होते. फलक कळकट दाखवणे म्हणजे त्यांच्या मेहनतीवर बोळा फिरवणे होय. उलट, प्रत्येक कळ आणि बटण सारखेच झगझगीत रंगवले, तर मधल्या सहा तबकड्या गर्दीत हरवतात.

कोणी म्हणेल, विमानाचे दोन्ही भाग चिकटवल्यावर आत पाहतो कोण? स्पिटफायरच्या डाव्या बाजूला वैमानिकासाठी लहानसे दार असते. ते उघडे ठेवावे. त्यातून डोकावणाऱ्या नातवंडाला त्या सहा तबकड्या चटकन ओळखता आल्या, तर फलक साधला असे मी म्हणेन. नाहीतर तो नुसताच बारीक झाला.