झिजत्या ताऱ्याचे गणित

१९४३ साली बंगळूरहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात एक छोटे टिपण छापून आले. विषय होता, प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीचे गुरुत्वक्षेत्र. लेखक होते प्रल्हाद चुनीलाल वैद्य, सौराष्ट्रात जुनागढजवळच्या शहापूरला जन्मलेले, मुंबईत शिकलेले, पंचविशीच्या उंबरठ्यावरचे गणिताचे प्राध्यापक. त्या टिपणातली उकल आज ‘वैद्य मेट्रिक’ या नावाने जगभर ओळखली जाते. व्यापक सापेक्षतेच्या अभ्यासकाला ती कधी ना कधी भेटतेच. पण भेटणे वेगळे आणि तिची गोडी कळणे वेगळे. ती गोडी कशात आहे, हे इथे जरा सावकाश पाहायचे आहे.

सुरुवात त्याआधीच्या एका प्रसिद्ध उकलीपासून करावी लागेल. आइन्स्टाइनची क्षेत्रसमीकरणे जाहीर झाली १९१५ च्या अखेरीस, आणि लगेचच १९१६ मध्ये कार्ल श्वार्झशिल्ड यांची पहिली अचूक उकल प्रसिद्ध झाली. एक गोल तारा आहे, त्याच्याबाहेर पूर्ण पोकळी आहे, अशा वेळी अवकाशकालाला वाक कसा पडतो, याचे उत्तर तिने दिले. त्या उत्तरात ताऱ्याची ओळख सांगणारी एकच राशी येते, ती म्हणजे त्याचे वस्तुमान. ही राशी अचल असते. आज जेवढी, तेवढीच उद्या.

पण तारा प्रकाशतो. प्रकाश म्हणजे ऊर्जा, आणि ऊर्जा म्हणजे वस्तुमान. आपला सूर्य दर सेकंदाला सुमारे ४२ लाख टन वस्तुमान प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. सूर्याच्या अवाढव्यपणापुढे ही झीज नगण्य आहे, म्हणून ग्रहांच्या कक्षा मोजताना श्वार्झशिल्ड यांची उकल खुशाल वापरता येते. प्रश्न आकड्याचा नव्हताच, तत्त्वाचा होता. जो तारा दिसतो तो झिजतो, आणि त्याच्याबाहेरची जागा कधीच पूर्ण मोकळी नसते. तिथून प्रकाश अखंड वाहत असतो, आणि वाहणाऱ्या प्रकाशालाही गुरुत्वाकर्षण असते. म्हणजे श्वार्झशिल्ड यांचा तारा काळोखा तारा होता. उजळलेल्या ताऱ्याचे गणित अजून व्हायचे होते.

हे गणित बनारसला झाले. तिथल्या हिंदू विद्यापीठात कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ पासून गणित विभाग सांभाळत होते. केंब्रिजचे रँग्लर असलेल्या नारळीकरांनी व्यापक सापेक्षतेच्या संशोधनाची शाळाच तिथे उभी केली. जगात या विषयाकडे तेव्हा फारसे कोणी फिरकत नव्हते, आणि भारतात त्याचे एक मोठे केंद्र बनारस होते. वैद्य १९४२ मध्ये गेले ते पत्नी आणि तान्ह्या मुलीला घेऊन, गाठीच्या पुंजीवर. सुमारे दहा महिने ते तिथे राहिले. गुरू मराठी, शिष्य गुजराती, गाव गंगेकाठचे आणि देशात ‘चले जाव’ची धग. त्या दिवसांचे फळ म्हणजे हे टिपण. त्यावर नाव एकट्या वैद्यांचे आहे, आणि शिष्याला स्वतःच्या पायावर उभे करणाऱ्या गुरूची ओळख मला त्यातच पटते.

आता उकलीकडे वळू. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, यात अवघड ते काय? श्वार्झशिल्ड यांच्या सूत्रात वस्तुमान अचल आहे, तिथे काळानुसार कमी होणारे वस्तुमान घातले की झाले. करून पाहिले की समीकरणे लगेच कुरकुरतात. ताऱ्याबाहेर जे काही भरलेले निघते ते निव्वळ वाहता प्रकाश नसते. प्रकाशाशी न जुळणारे ताण त्यात उगवतात. कारण ‘कोणत्या क्षणाचे वस्तुमान?’ हा प्रश्न आपण विचारलेलाच नसतो. दूरच्या ठिकाणी ताऱ्याच्या झिजेची वार्ता पोहोचते ती प्रकाशाबरोबर. सूर्यापासून निघालेल्या किरणाला आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. या क्षणी आपल्याभोवतीचा अवकाशकाल सूर्याचे जे वस्तुमान मानतो, ते आत्ताचे नव्हे, तो किरण निघाला तेव्हाचे. पत्र वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याची खुशाली कळते ती पत्रावरच्या तारखेची, तसेच हे.

वैद्यांनी नेमके हेच पकडले. प्रकाशाच्या एका लाटेबरोबर बाहेर बाहेर जात राहिलो, तर वस्तुमान बदलत नाही. एका लाटेवरून मागच्या लाटेवर आलो की बदलते. ही अट त्यांनी समीकरणांवर घातली आणि उकल मोकळी झाली. ती कामचलाऊ अंदाजाची नाही, पूर्णपणे अचूक आहे.

१९४३ मधले तिचे रूप मात्र देखणे म्हणता येणार नाही. त्यात वस्तुमान अंतर आणि काळ या दोन्हींवर अवलंबून आहे. अंतराच्या पदात श्वार्झशिल्ड यांची ओळखीची ठेवण तशीच दिसते, पण काळाच्या पदापुढे वस्तुमानाच्या बदलाच्या दराचा वर्ग आहे, त्याखाली आणखी एका फलनाचा वर्ग आहे. उत्तर बरोबर आहे, पण वाचताना दम लागतो.

या कथेतला मला सर्वांत प्रिय भाग पुढे आहे. दहा वर्षांनी, १९५३ मध्ये, वैद्य आपल्याच उकलीकडे परत आले. ‘नेचर’मधल्या छोट्या लेखात त्यांनी काळ मोजण्याची रीत बदलली. नेहमीच्या घड्याळाऐवजी, किरण ताऱ्यापासून केव्हा निघाला ती वेळ, हाच निर्देशक घेतला. तेवढ्याने सगळी जळमटे झडली. दरांचे वर्ग गेले. अंतराच्या वर्गाचे पद गळून पडले आणि त्याच्याबरोबर, विशिष्ट त्रिज्येला शून्याने भागण्याची पाळी आणणारा तो कुप्रसिद्ध भागाकारही गेला. उरले काय? ‘एक वजा, दुप्पट वस्तुमान भागिले त्रिज्या’ हा श्वार्झशिल्ड यांचाच अवयव, फक्त त्यातले वस्तुमान आता निघण्याच्या वेळेचे फलन. सुरुवातीला जी भाबडी कल्पना फसली होती, ती योग्य घड्याळ हाती येताच खरी ठरली.

हे रूप क्षेत्रसमीकरणांत घालून पाहावे, हाताने, कागदावर. घटकांची गर्दी एकेक करून शून्य होत जाते आणि शेवटी एकच घटक उरतो. तो सांगतो की प्रकाशाची घनता म्हणजे वस्तुमान घटण्याचा दर भागिले त्रिज्येचा वर्ग, सोबत ४π हा अचल भाजक. म्हणजे दिव्यापासून दूर जाताना उजेड अंतराच्या व्यस्त वर्गात मंदावतो, हा शाळेत शिकलेला नियम इथे वक्र अवकाशकालातून आपसूक वर येतो. तो कोणी घातलेला नाही. आणखी एक गोष्ट त्यातच लपली आहे. प्रकाशाची ऊर्जा धन असायची तर वस्तुमान घटलेच पाहिजे. तारा प्रकाशतो म्हणजे झिजतो, हे विधान चिन्हाच्या रूपाने सूत्रात उभे आहे. कशा गतीने झिजायचे, एकसारखे की हिसक्यांनी, याचे बंधन मात्र समीकरण घालत नाही. इतका काटेकोरपणा आणि इतकी मोकळीक एका ओळीत नांदताना क्वचित दिसते.

मोठ्या उकलीचे सामर्थ्य तिच्या कर्त्यालाही पुरते दिसलेले नसते. १९६३ मध्ये क्वेसारांचे गूढ पुढे आले, प्रचंड ऊर्जा ओकणाऱ्या वस्तूंचे गुरुत्व समजून घेणे निकडीचे झाले आणि वीस वर्षे शांत पडून असलेली ही उकल चर्चेत आली. तिच्यातल्या प्रकाशाची दिशा उलटवली, किरण आत पडू दिले, की वस्तुमान वाढते आणि निव्वळ प्रकाशातून कृष्णविवर कसे घडेल याचा अभ्यास करता येतो. कृष्णविवरेही प्रारण सोडतात असे हॉकिंग यांनी १९७४ मध्ये मांडल्यावर विरत जाणाऱ्या कृष्णविवराचे प्रारूप म्हणून तीच हाताशी आली. १९९९ मध्ये या विषयाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने ते मूळ टिपण अभिजात लेख म्हणून पुन्हा छापले.

वैद्य मात्र आयुष्यभर गणिताचे शिक्षकच राहिले. गुजरात विद्यापीठात त्यांनी पिढ्या घडवल्या. १९६३ मध्ये गुजरात गणित मंडळ सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. ‘सुगणितम्’ या नियतकालिकातून ते शाळेतल्या मुलांसाठी गुजरातीत लिहीत राहिले. कुलगुरू झाले तरी सायकल सुटली नाही. आठवणींच्या पुस्तकाचे नावही ‘चॉक आणि डस्टर’. २०१० मध्ये ते अहमदाबादला वारले.

संशोधक वैद्य आणि शिक्षक वैद्य ही दोन माणसे होती, असे मला वाटत नाही. १९४३ चे काम संशोधकाचे होते. १९५३ चे काम ज्याने केले तो माणूस फळ्यापुढे उभा राहिलेला होता. त्या लेखाने ताऱ्याबद्दल नवे काही शोधले नाही. शोधलेले समजेल असे केले. जगाने वापरले ते हेच दुसरे रूप, आणि पुढची सारी कामे त्याच्यामुळे सोपी झाली. म्हणून व्यापक सापेक्षता शिकवणाऱ्यांना माझे सांगणे आहे की वैद्य मेट्रिक नुसते तयार सूत्र म्हणून फळ्यावर लिहू नका. आधी १९४३ चे रूप लिहा, विद्यार्थ्यांना त्यात अडखळू द्या, मग घड्याळ बदला. संशोधन म्हणजे काय आणि शिकवणे म्हणजे काय, या दोन्हींचा धडा त्या एका तासात देता येतो.