वळिवड्याच्या बराकींतील दोन भाषा

निर्वासित बालकाविषयीच्या लेखनात ‘जुळवून घेणे’ हा शब्दप्रयोग इतक्या सहजतेने येतो की, कोणी कोणाशी जुळवून घेतले हे विचारावयाचे राहूनच जाते. मूल परक्या देशात येते, बावरते, शाळेत जाते आणि हळूहळू रमते, ही या लेखनाची ठरावीक मांडणी होय. तिची परीक्षा करण्यास कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. कारण तेथे एकामागून एक असे दोन निर्वासित समाज राहिले.

पहिला समाज पोलिश. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी पूर्व पोलंडमधून सोव्हिएत संघाच्या दूरवरच्या प्रदेशांत हद्दपार झालेली ही कुटुंबे इराणमार्गे हिंदुस्थानात आली. 1943 ते 1948 या काळात वळिवड्यास सुमारे 5,000 पोलिश निर्वासितांची वस्ती होती व तीत स्त्रिया आणि मुले यांचाच भरणा अधिक होता. भारतात राहिलेल्या पोलिश निर्वासितांच्या आठवणींचा व कागदपत्रांचा संग्रह 2000 साली लंडन येथे पोलिश भाषेत प्रसिद्ध झाला. अशा आठवणींतून व्यक्त होणारी कृतज्ञता खरी आहे, याविषयी शंका नाही. परंतु ती वाचून ही मुले नव्या देशात मिसळून गेली, असा निष्कर्ष काढणे युक्त होणार नाही. छावणीतील शिक्षणाचे माध्यम पोलिश होते. चर्च, बालवीर पथके, नाट्यप्रयोग यांचाही व्यवहार त्याच भाषेत चाले. तात्पर्य, मुलाने शाळेशी जुळवून घेण्यापूर्वीच शाळेने मुलाशी जुळवून घेतले होते.

असे शिक्षण मुलांना भोवतालच्या समाजापासून तोडते, असा आक्षेप येथे संभवतो. तो सर्वस्वी निराधार नाही. शिवाय ज्या परतीच्या आशेवर ही शाळा उभी होती, ती आशाही पुष्कळांच्या बाबतीत फलद्रूप झाली नाही. युद्धानंतर पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेला आणि छावणीतील अनेक कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत पांगली. तथापि अर्धशतकानंतर लंडनमध्ये निघालेला ग्रंथ मुळात पोलिश भाषेत लिहिला गेला, हे ध्यानात घ्यावयास हवे. ग्रंथातील कोणत्याही आठवणीपेक्षा ग्रंथाची भाषा हाच अधिक बोलका पुरावा आहे. गाव गेले, तरी ते सांगण्याचे साधन शाळेने राखले.

पोलिश कुटुंबे गेल्यावर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना त्याच जागी आश्रय मिळाला. तेच आजचे गांधीनगर. कायद्याच्या दृष्टीने सिंधी बालक परदेशात आले नव्हते. भाषेच्या दृष्टीने मात्र त्याच्या वाट्यास कोणताच प्रांत आला नाही. सिंधीसाठी अरबी-फारसी लिपी चालू ठेवावी की देवनागरी स्वीकारावी, हा वाद त्याच्या वडीलधाऱ्यांत सुरू झाला होता. आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीत सिंधीचा समावेश होण्यास 1967 साल उजाडावे लागले.

या अडचणीचे स्वरूप एका वर्णावरून स्पष्ट होईल. श्वास आत ओढून उच्चारले जाणारे चार स्पर्शवर्ण सिंधीत आहेत. मराठीत ते नाहीत. सिंधीत साध्या बकाराचा ‘बारु’ म्हणजे ओझे आणि अंतःश्वासी बकाराचा ‘ॿारु’ म्हणजे मूल. मराठी कानास हा भेद सहसा जाणवत नाही. अशा वर्गात सिंधी मुलाने आपल्या भाषेत स्वतःस ‘मूल’ म्हटले, तरी ‘ओझे’ या शब्दाहून ते निराळे ऐकू येणार नाही.

दोन्ही समाजांची परिस्थिती समान नव्हती, हे मान्य केले पाहिजे. पोलिश छावणीस लंडनस्थित पोलिश सरकारचे पाठबळ होते. सिंधी समाजास येथेच कायमचे राहावयाचे असल्याने मराठी शिकणे त्याच्या हिताचेच होते. परंतु नवी भाषा येणे आणि जुनी जाणे या दोन भिन्न घटना आहेत. ‘जुळवून घेणे’ या एकाच शब्दात त्या कोंबल्या जातात, आणि मुलाचे काय हरवले याची नोंद लेखनात होत नाही. निर्वासित बालकाच्या कथेचे परीक्षण करताना ते शाळेत रमले की नाही एवढेच पाहून भागणार नाही. ते कोणत्या भाषेत रमले, आणि ‘ॿारु’ हा शब्द आपल्या मुलांस शिकविण्याइतका त्याच्यापाशी उरला काय, हेही पाहावे लागेल.