पटाच्या पायऱ्या आणि गळके छप्पर

शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. संसदेने शिक्षणहक्क कायदा केला तो २००९ साली. त्याच्या २१व्या कलमाने सरकारी शाळेची देखरेख शाळा व्यवस्थापन समितीकडे दिली. समितीत किमान पाऊण सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, तिने विकास आराखडा करावा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवावे, अशी तरतूद आहे. २२वे कलम तर हा आराखडाच अनुदानाचा आधार मानते.

प्रत्यक्षात आधार असतो पटाचा. समग्र शिक्षा योजनेच्या दरांनुसार शाळेचे वार्षिक संयुक्त अनुदान ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख असते. सातवीच्या मुलांकडून याचा आलेख काढून घ्यावा. रेषा जिन्यासारखी येते. पट ३१ असेल तर दर मुलामागे सुमारे ८०६ रुपये, ३० असेल तर ३३३. एखादे कुटुंब कामासाठी इचलकरंजीला गेले आणि एक मूल कमी झाले, की शाळेचे १५,००० रुपये गेले!

छप्पर मात्र तेवढेच राहते. गगनबावडा, शाहूवाडीकडच्या वाड्यांवर पट लहान आणि पाऊस मोठा. पाऊस छपराच्या क्षेत्रफळावर पडतो, हजेरीपटावर नव्हे. १०,००० पैकी किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. उरलेल्या ९,००० मध्ये, म्हणजे महिना ७५० रुपयांत, खडू, रजिस्टरे, वीजबिल आणि कौले बसवायची. इथे समितीने देखरेख कशावर ठेवायची?

सार्वजनिक पैशाला सोपा नियम हवा, नाहीतर वशिला शिरतो, हा आक्षेप रास्त आहे. पण नियम सोपा ठेवूनही पायऱ्या टाळता येतात. प्रत्येक इमारतीमागे एक ठराविक रक्कम आणि त्यावर दर मुलामागे ठराविक वाढ दिली, की आलेख सरळ रेषेचा होतो.

आपलीही एक उणीव आहे. समितीचे सचिव मुख्याध्यापक असतात आणि आराखडा बहुधा त्यांच्याच हातचा असतो. त्यात ‘छप्पर दुरुस्ती आवश्यक’ एवढेच लिहून भागत नाही. कोणता वर्ग गळतो, किती कौले फुटली, पावसाळ्यात किती दिवस मुले दुसऱ्या खोलीत बसवावी लागली, याची मोजून नोंद करावी. ती सभेत वाचून इतिवृत्तात घ्यावी. मग २२व्या कलमाकडे बोट दाखवून अनुदान मागताना पालकांच्या हाती आकडे असतील.